हौशी खेळ आणि मैदानाचा शोध : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

खेळाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा खेळाडू, विक्रम, स्पर्धा आणि संस्था यांच्याकडे जाते. ज्या जमिनीवर खेळ खेळला जातो, त्या जमिनीचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः खेळाडू घडण्यापूर्वी मैदान घडावे लागते. व्यावसायिक खेळाला प्रेक्षक, प्रायोजक आणि स्टेडियम यांचा आधार असतो. हौशी खेळाला असा कोणताच आधार नसतो. तो आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चाने, मिळेल त्या जागेवर खेळला जातो. त्यामुळे एखाद्या शहरात सार्वजनिक जमीन किती शिल्लक आहे आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हे पाहण्यासाठी हौशी खेळ हे एक उत्तम साधन ठरते.

या संदर्भात अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण बोधप्रद आहे. १८४५ मध्ये न्यूयॉर्क येथे निकरबॉकर बेसबॉल क्लब स्थापन झाला. त्याचे सदस्य नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे हौशी खेळाडू होते. मॅनहॅटनमधील मोकळ्या जागा त्या काळी झपाट्याने बांधल्या जात होत्या. परिणामी या मंडळींना हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतील होबोकेन येथील ‘एलिशियन फील्ड्स’ या ठिकाणी खेळायला जावे लागले. १९ जून १८४६ रोजी तेथे झालेला सामना बेसबॉलच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. म्हणजेच आज अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून ओळखला जाणारा हा खेळ आरंभीच्या काळात शहरात जागा न मिळाल्याने शहराबाहेर गेला होता. पुढे एलिशियन फील्ड्सही टिकले नाही. त्या जागेवर इमारती आणि कारखाने उभे राहिले.

जगातील बहुतेक शहरांचा अनुभव असाच आहे. मध्यवर्ती भागात जमीन महाग होते आणि खेळ परिघाकडे सरकतो. मुंबईत मात्र याच्या नेमके उलट घडलेले दिसते. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील मुलगा रविवारी पहाटे खांद्यावर क्रिकेटचे किट घेऊन चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी लोकलगाडी पकडतो. परिघावरचा खेळाडू मैदानाच्या शोधात शहराच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत महागड्या भागाकडे जातो. असे का घडले, या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. ‘मोकळी जागा’ आणि ‘मैदान’ या दोन भिन्न गोष्टी असून उपनगरांना पहिली भरपूर लाभली, पण तिचे दुसरीत रूपांतर होण्याआधीच ती संपली, असे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. एस्प्लनेड : संरक्षणाच्या गरजेतून उरलेली जमीन

दक्षिण मुंबईतील मैदाने खेळासाठी निर्माण झालेली नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात किल्ल्याच्या तटाबाहेरील जमीन तोफांच्या माऱ्याच्या सोयीसाठी मोकळी ठेवली जाई. तटासमोर इमारत असेल, तर शत्रूला आडोसा मिळेल, ही त्यामागची भीती होती. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड असे नाव होते. १८६० च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, किल्ल्याचे तट पाडण्यात आले. तटाचा हेतू संपला, तरी त्यासमोरची जमीन सरकारच्याच ताब्यात राहिली. तिच्यातून रस्ते गेले, भव्य सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या आणि तरीही जो भाग शिल्लक उरला, तोच पुढे ओव्हल, क्रॉस, आझाद मैदान आणि कूपरेज या नावांनी ओळखला जाऊ लागला.

परंतु जमीन मोकळी असणे आणि तिच्यावर खेळण्याचा हक्क असणे, यांत फरक होता. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला होता. त्यानंतरच्या तीन दशकांत एस्प्लनेडवर एतद्देशीयांचे अनेक क्लब खेळू लागले. त्याच जमिनीवर युरोपीय मंडळी पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर क्रिकेटची खेळपट्टी टिकत नसे. हिंदी क्रिकेटपटूंनी १८८० च्या दशकाच्या आरंभी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. त्या काळी सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर होते. या संघर्षाची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदवली असून अलीकडच्या काळात रामचंद्र गुहा यांनी तिचे सविस्तर विवेचन केले आहे. भारतातील खेळाच्या इतिहासात मैदानाच्या हक्कासाठी संघटितपणे झालेली ही आरंभीची मागणी म्हणावी लागेल.

या वादाची निष्पत्ती जिमखान्यांच्या रूपाने झाली. युरोपीयांचा बॉम्बे जिमखाना १८७५ पासून होताच. पारशी जिमखाना १८८५ मध्ये व हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला. समुद्रालगतच्या पट्ट्यात धर्मनिहाय जिमखान्यांना शेजारी शेजारी जागा मिळाल्या. मैदान मिळाले, पण ते जमातीच्या नावावर मिळाले. हिंदू जिमखान्याच्या संघाला अनेक सामने जिंकून देणारे पालवणकर बाळू यांना केवळ जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही. तरीही एक बाब निर्विवाद आहे. सरकारी मालकीची जमीन, तिच्यावर संघटितपणे मागितलेला हक्क आणि तिची देखभाल करणारी संस्था, या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच मोकळ्या जागेचे मैदान झाले.

२. मध्य मुंबई : नियोजनातून मिळालेले मैदान

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या वस्तीत रोग फोफावतो, हे ध्यानात आल्याने दादर-माटुंगा भागातील नव्या वसाहती रुंद रस्ते, बागा आणि मोकळ्या जागा राखून आखण्यात आल्या. येथे मैदान हे युद्धाच्या भीतीतून नव्हे, तर रोगाच्या भीतीतून निर्माण झाले. १९२५ मध्ये खुले झालेले माहीम पार्क १९२७ मध्ये शिवाजी पार्क झाले. सुमारे २८ एकरांचे हे मैदान महापालिकेने वसाहत पूर्ण उभी राहण्याआधीच राखून ठेवले, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. इमारती नंतर आल्या आणि त्या मैदानाभोवती उभ्या राहिल्या. मुंबईच्या क्रिकेटमध्ये दादर-माटुंगा परिसराला पुढे जे स्थान मिळाले, त्याचे एक कारण गुरू-शिष्यांच्या परंपरेत असले, तरी दुसरे कारण नगररचनेच्या या क्रमात आहे.

३. उपनगरे : न बांधलेली जमीन आणि तिची मालकी

साष्टी बेटाची स्थिती वेगळी होती. येथे मुंबईसारखे तटबंदीचे शहर नव्हते, म्हणून एस्प्लनेडही नव्हते. जमिनीचा मोठा भाग खोतांच्या ताब्यात होता. उरलेल्या जमिनीत गावठाणे, भातशेती, मिठागरे, खाजणे, खाणी आणि डोंगरावरील जंगल यांचा समावेश होता. १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने खोतांच्या जमीन-महसूल माफीचे हक्क संपुष्टात आणले, तरी जमिनीची खासगी मालकी मोठ्या प्रमाणावर कायम राहिली. म्हणजे मोकळी जमीन विपुल होती, पण ती सार्वजनिक नव्हती. दक्षिण मुंबई आणि उपनगरे यांच्यातील हा मूलभूत फरक पुढील सर्व घटनाक्रमाच्या मुळाशी आहे.

१९२८ मध्ये विजेवर चालणारी गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली आणि उपनगरांत नोकरदारांची वस्ती वाढू लागली. १९४८ मध्ये एन. व्ही. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा सादर केली. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेच्या हद्दीत आला. पहिला विकास आराखडा मात्र १९६७ मध्ये मंजूर झाला. महापालिकेत समावेश आणि आराखड्याची मंजुरी यांच्यामध्ये दहा ते सतरा वर्षे गेली आणि याच वर्षांत उपनगरांची लोकवस्ती वेगाने वाढली. दादर-माटुंग्यात आधी मैदान व मग इमारत असा क्रम होता. उपनगरांत तो बहुतांशी उलटा झाला.

तथापि, त्या काळातील उपनगरवासीयांना मैदानाची उणीव जाणवली नसावी. घराशेजारचे शेत कापणीनंतर रिकामे असे, एखाद्या बंगल्याच्या मागे माळ असे, रेल्वेच्या रुळांलगत पडीक जमीन असे. पूर्व उपनगरांतील कारखान्यांच्या आवारात कामगारांसाठी मैदाने होती. गृहनिर्माण मंडळाने विक्रोळी, घाटकोपर, बोरिवली इत्यादी ठिकाणी वसाहती बांधल्या, तेव्हा चाळवजा इमारतींच्या मध्ये चौक सोडले. मुले तेथे खेळत. या जागांना लोक ‘मैदान’ म्हणत असले, तरी कागदोपत्री त्यांपैकी अनेक जागा केवळ ‘अद्याप न बांधलेल्या’ होत्या. मालकाने बांधकामाला आरंभ करताच खेळ थांबे व दुसरी रिकामी जागा शोधली जाई. उपनगरांतील हौशी खेळाचा बराचसा इतिहास हा अशा स्थलांतरांचा इतिहास आहे. त्याची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरात सापडत नाही, कारण ज्या जागेवर हक्क नव्हता, ती गेल्याची तक्रार करायला कोणी गेलेच नाही.

४. कांगा लीग आणि लोकलगाडी

मुंबईतील हौशी खेळाचे सर्वांत मोठे संघटित रूप म्हणजे डॉ. एच. डी. कांगा क्रिकेट लीग. डॉ. होरमसजी कांगा हे १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातील पारशी क्रिकेटपटू होते. त्यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ मध्ये सुरू झाली. सात विभागांत विभागलेली ही स्पर्धा पावसाळ्यात खेळली जाते, हे तिचे वैशिष्ट्य होय. ओलसर, अनाच्छादित खेळपट्टीवर फलंदाजाचे तंत्र कसाला लागते, असे याचे समर्थन नेहमी केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु याकडे जागेच्या दृष्टीनेही पाहता येते. कोरड्या हंगामात हीच मैदाने शालेय, आंतरकार्यालयीन आणि क्लबांच्या अन्य स्पर्धांनी व्यापलेली असतात. जागा वाढवता येत नसेल, तर काळ वाढवावा लागतो. कांगा लीगने वर्षातील रिकामे महिने खेळासाठी मिळवून दिले, असे म्हणता येईल.

या स्पर्धेचे सामने पाहणाऱ्या नवख्या माणसाला आझाद मैदानावरील दृश्य चक्रावून टाकते. वीसहून अधिक खेळपट्ट्या एकमेकींना इतक्या लगटून आहेत की, एका सामन्यातील सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील यष्टिरक्षकाच्या शेजारी उभा असतो. चेंडू कोणत्या सामन्याचा हे ओळखणे हेही तेथे एक कौशल्य ठरते. जगभर या दाटीचे कौतुक होते. परंतु ती दाटी ही टंचाईची खूण आहे, हे आपण लक्षात घेत नाही.

आता या मैदानांवर येणारे खेळाडू कोठून येतात ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख ८५ हजार, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९३ लाख ५७ हजार होती. म्हणजे दर चार मुंबईकरांपैकी तीन उपनगरांत राहतात. मैदाने मात्र अजूनही १८६० च्या तटबंदीच्या खुणेवरच आहेत. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे अंतरही तीस किलोमीटरहून अधिक आहे. सामना सकाळी सुरू होणार असेल, तर खेळाडूने पहाटेच घर सोडले पाहिजे. विरारहून वडिलांसोबत रोज गाडीने येणारा पृथ्वी शॉ किंवा डोंबिवलीहून प्रवास करून खेळलेला अजिंक्य रहाणे यांच्या कथा आपण जिद्दीच्या कथा म्हणून वाचतो. बोरिवलीच्या शाळेतून पुढे आलेल्या रोहित शर्माचे उदाहरणही असेच सांगितले जाते. या कथा खऱ्या आहेत आणि त्या खेळाडूंची जिद्दही खरी आहे. परंतु त्याच गाडीतून आलेल्या आणि दोन-तीन वर्षांनंतर येणे सोडून दिलेल्या असंख्य मुलांची कथा कोणी लिहीत नाही. प्रवासाचा हा भार म्हणजे मैदान नसल्याचा करच होय. तो महापालिका भरत नाही, खेळाडूचे कुटुंब भरते. मुलींच्या बाबतीत तो अधिकच जड होतो. पहाटेचा एकटीचा प्रवास आणि मैदानावरील कपडे बदलण्याच्या व स्वच्छतागृहाच्या सोयींची वानवा यांमुळे अनेक मुलींचा खेळ शाळेबरोबरच संपतो.

५. खेळाचे क्षेत्रफळ आणि नियमांचे गणित

कोणता खेळ कोठे रुजतो, याचा विचार आपण परंपरा, संस्कृती, लोकप्रियता या अंगांनी करतो. क्षेत्रफळाच्या अंगाने विचार केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ × १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटरचे असते. खो-खोचे मैदान २७ × १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटरचे असते. क्रिकेटची सीमारेषा ५५ मीटर अंतरावर धरली, तरी सुमारे साडेनऊ हजार चौरस मीटर जागा लागते. बेसबॉलच्या दोन तळांमधील अंतर २७.४३ मीटर असते आणि प्रमाण मैदानात फलंदाजापासून बाजूच्या कुंपणापर्यंत सुमारे ९८ मीटर व मध्यभागी सुमारे १२२ मीटर अंतर अपेक्षित असते. त्यामुळे केवळ वैध क्षेत्रच साधारण दहा हजार चौरस मीटर होते.

आता १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील तरतूद पाहू. भूखंड १,००१ ते २,५०० चौरस मीटरचा असल्यास १५ टक्के, २,५०१ ते १०,००० चौरस मीटरचा असल्यास २० टक्के आणि त्याहून मोठा असल्यास २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याचे बंधन या नियमावलीत होते. हेतू स्तुत्य होता. पण २,५०० चौरस मीटरच्या भूखंडात या हिशेबाने ३७५ चौरस मीटर जागा मिळते. तेथे कबड्डी होईल, खो-खो होणार नाही. १०,००० चौरस मीटरच्या भूखंडात २,००० चौरस मीटर मिळतात. तेथेही क्रिकेट होणार नाही. एक साधे क्रिकेट मैदान मिळण्यासाठी ३८,००० चौरस मीटरचा सलग भूखंड आणि त्यातील मोकळी जागा एकत्र ठेवण्याची मालकाची तयारी, या दोन्ही गोष्टी लागतील. दहा भूखंडांवरील दहा तुकड्यांची बेरीज कागदावर मैदानाएवढी होते, जमिनीवर मात्र ती कधीच होत नाही. पुढे काही विकासक ही जागा वाहनतळाच्या छतावर दाखवू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, असा निर्णय दिला.

या गणितातून उपनगरांतील कबड्डीच्या प्रसाराचे एक कारण उलगडते. गिरणगावाप्रमाणेच उपनगरांतील मंडळांनीही चाळींमधील चौकात, देवळापुढच्या अंगणात माती टाकून, पाणी मारून कबड्डीची मैदाने तयार केली. श्रमदानातून तयार होणारे हे मैदान होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगनंतर खेळाला पैसा व प्रतिष्ठा मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मॅटवरील खेळासाठी मॅट, ती अंथरायला सपाट जागा आणि पावसाळ्यात छप्पर लागते. मातीवर घडलेल्या मंडळाला आता सभागृह शोधावे लागते. जागेची समस्या सर्वांत कमी जागा लागणाऱ्या खेळापर्यंत येऊन पोहोचली आहे.

बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळ या मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. शालेय क्रीडास्पर्धांत त्यांचा समावेश आहे, महाराष्ट्रात ते निष्ठेने खेळणारे खेळाडू आणि शिक्षकही आहेत. पण त्यांच्यासाठी राखलेले मैदान सहसा नसते. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या मैदानावर फक्की मारून तात्पुरते क्रीडांगण आखले जाते. बेसबॉलमध्ये वैध फटका नव्वद अंशांच्या कोनातच जातो. त्यामुळे मैदानाचा एखादा कोपरा त्याला पुरू शकतो, ही जमेची बाजू आहे. परंतु कठीण चेंडू, संरक्षक जाळीचा अभाव आणि शेजारी चालू असलेला क्रिकेटचा सामना यांमुळे आयोजकांना तो कोपराही सहजी मिळत नाही. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल या दोन तरुणांची निवड झाली आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या संघटनेने त्यांच्याशी करार केला. हे दोघेही मुळात भालाफेक करणारे होते. बेसबॉलचे मैदान न पाहता वाढलेल्या मुलांमध्येही गुणवत्ता असू शकते, हे यावरून सिद्ध झाले. त्या गुणवत्तेला घराजवळ वाव मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

जागा अपुरी पडली, की खेळाडू नियम बदलतात. ‘एक टप्पा आऊट’, ‘भिंतीला थेट लागला तर आऊट’, ‘शेजारच्या आवारात गेला तर आऊट आणि आणायचाही त्यानेच’ हे उपनगरांतील इमारतींच्या आवारातले नियम सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांकडे गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः प्रत्येक नियम हा त्या आवाराचा नकाशाच असतो. भिंत कोठे आहे, काच कोणाची आहे, कोणता शेजारी चेंडू परत देत नाही, हे सर्व त्यात नोंदलेले असते. अलीकडच्या काळात ‘टर्फ’ या नावाने ओळखली जाणारी, जाळीने बंदिस्त, ताशी भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची मैदाने उपनगरांत वाढली आहेत. नोकरदार तरुणांची त्यामुळे सोय झाली, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथे खेळ तासाच्या हिशेबाने विकत घ्यावा लागतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने खेळ पाहत उभे राहावे, असे पूर्वीच्या माळावर घडत नव्हते.

६. आरक्षण, हस्तांतरण आणि देखभाल

आराखड्यातील आरक्षण हे मैदान टिकवण्याचे मुख्य साधन मानले जाते. त्याची मर्यादा कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे, कारण त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे योग्य नव्हे. परंतु पैशाअभावी वा दिरंगाईमुळे संपादन रखडले, तर नुकसान मालकाचे किंवा अधिकाऱ्याचे होत नाही, ते खेळणाऱ्याचे होते आणि त्याला कोणी नोटीस देत नाही.

संपादनाचा खर्च टाळण्यासाठी १९९१ च्या नियमावलीने विकास हक्क हस्तांतरणाची पद्धत आणली. आरक्षित जमीन महापालिकेच्या स्वाधीन करणाऱ्या मालकाला तिच्या मोबदल्यात अन्यत्र बांधकाम करण्याचा हक्क मिळू लागला. शहर बेटातील जमिनीच्या मोबदल्यातील हक्क बेटावर वापरता येत नसत. ते उपनगरांत वापरले जात. याचा अर्थ असा की, बेटावर एखादी जागा मोकळी राहिली, तर तिची किंमत उपनगरांतील वाढीव मजल्यांच्या रूपाने चुकती होत असे. मजले वाढले, माणसे वाढली, पण त्यांच्यासाठी मैदान वाढले नाही.

जी मैदाने महापालिकेच्या ताब्यात आली, त्यांच्या देखभालीचा प्रश्न उरलाच. संस्थांना भूखंड दत्तक देण्याच्या धोरणावर मुंबईत अनेक वर्षे वाद झाला. या वादाला दोन्ही बाजू आहेत. गोरेगावात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रबोधन’सारख्या संस्थेने उपनगरांतील शालेय क्रीडास्पर्धांना नियमित व्यासपीठ दिले, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, दत्तक घेतलेल्या काही भूखंडांना कुंपण, प्रवेशशुल्क आणि सदस्यत्वाची अट लागल्याची टीकाही झाली. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने संमत केलेल्या नव्या धोरणाला नागरिकांनी तीव्र विरोध केला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि संस्थांकडे असलेले २१६ भूखंड परत घेण्यास महापालिकेला सांगितले. त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला विकास आराखड्याचा मसुदा त्यातील असंख्य चुकांमुळे एप्रिलमध्येच मागे पडला होता. सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. या दोन्ही प्रसंगी नागरिकांनी नकाशे वाचले, हरकती नोंदवल्या. १८८० च्या दशकातील क्रिकेटपटूंच्या अर्जांची परंपरा सव्वाशे वर्षांनंतर अशा रीतीने पुन्हा जागी झालेली दिसते. फरक इतकाच, की अर्ज करणाऱ्यांत या वेळी खेळाडूंच्या संघटना अग्रभागी नव्हत्या.

क्रीडासंकुले हा आणखी एक मार्ग. १९८८ मध्ये उभे राहिलेले अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल हे उपनगरांतील पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय. १ नोव्हेंबर १९९६ रोजी तेथे मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला आणि २०१६ पासून तेथील मैदान मुंबई सिटी एफसी या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या सामन्यांसाठी वापरले जाऊ लागले. मोठ्या संकुलाचा खर्च भागवण्यासाठी मोठे उत्पन्न लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु संकुल जितके भव्य, तितका त्यात रविवारी सकाळी येणाऱ्या अकरा-अकरा हौशी खेळाडूंचा क्रम मागे पडतो. एका संकुलापेक्षा दहा साधी, सपाट, पाण्याची सोय असलेली मैदाने हौशी खेळाला अधिक उपकारक ठरतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दक्षिण आणि मध्य मुंबईतील मैदाने खेळाच्या प्रेमातून नव्हे, तर संरक्षण आणि आरोग्य यांच्या गरजेतून राखली गेली. जमीन आधीच सार्वजनिक मालकीची असल्याने ती टिकली.

२) उपनगरांत मोकळी जमीन विपुल असली, तरी ती प्रामुख्याने खासगी होती. नियोजन वस्तीच्या मागून आले. त्यामुळे तात्पुरत्या जागांवर वाढलेला खेळ त्या जागांबरोबरच विस्थापित झाला.

३) भूखंडनिहाय टक्केवारीने मोकळी जागा राखण्याच्या पद्धतीतून लहान तुकडे मिळतात, मैदान मिळत नाही. खेळांच्या प्रमाण मापांचा विचार नियोजनाच्या नियमांत होणे आवश्यक आहे.

४) मैदानाच्या अभावाचा भार प्रवास, शुल्क आणि गळती यांच्या रूपाने खेळाडूंवर पडतो आणि तो गरीब कुटुंबांतील मुलांवर व मुलींवर सर्वाधिक पडतो.

५) मैदान टिकवण्यासाठी आरक्षण पुरेसे नाही. त्यावर सातत्याने खेळणाऱ्यांचा संघटित हक्क आणि जबाबदार देखभाल यांची जोड लागते.

या संदर्भात महाविद्यालयांनाही एक भूमिका आहे. उपनगरांतील अनेक महाविद्यालयांच्या आवारांत आज जी मैदाने आहेत, ती त्या त्या प्रभागांतील मोजक्या सलग मोकळ्या जागांपैकी आहेत. वाढत्या विद्यार्थिसंख्येसाठी नवी इमारत हवी असते, तेव्हा सर्वप्रथम नजर मैदानाकडे वळते. प्राध्यापक म्हणून आपण अशा निर्णयप्रक्रियेत सहभागी असतो. वर्गखोलीसाठी आणखी एक मजला चढवता येतो, मैदानावर दुसरे मैदान उभारता येत नाही, एवढे भान आपण त्या वेळी ठेवले आणि सुट्टीच्या दिवशी परिसरातील हौशी संघांना आपले फाटक उघडून दिले, तर बोरिवली-मुलुंडच्या काही मुलांना तरी पहाटेची गाडी पकडावी लागणार नाही.